वीट, कर्जरोखे आणि पंचावन्न टक्के

(दृश्य: सकाळचं ऊन. विटांच्या कमानी, लांब व्हरांडा, आत मोकळं अंगण.)

कॅलिफोर्नियाच्या मधल्या खोऱ्यातलं फ्रेस्नो. द्राक्षं आणि बदामांच्या बागांनी वेढलेलं शहर. ही विटांची इमारत इथल्या सिटी कॉलेजची. शंभरी कधीच ओलांडलीय तिनं. बांधली गेली ती शिक्षक घडवणाऱ्या नॉर्मल स्कूलसाठी, पुढे कॉलेजकडे आली.

१९७० च्या दशकात इथले वर्ग बंद झाले. कारण होतं भूकंप. पण फ्रेस्नोतला नव्हे. चाळीसेक वर्षं आधी, चारशेक किलोमीटर दूर झालेला.

(दृश्य: लाँग बीच, जुनी कृष्णधवल छायाचित्रं. शाळेची कोसळलेली दर्शनी भिंत.)

१० मार्च १९३३, शुक्रवार. संध्याकाळचे सहा वाजायला सहा मिनिटं. लाँग बीच हादरलं आणि शाळांच्या विटांच्या इमारती पत्त्यांसारख्या बसल्या. पोरं घरी गेलेली होती म्हणून वाचली. हाच धक्का दुपारी बसला असता तर? या एका प्रश्नानं सगळ्यांची झोप उडवली. बरोबर महिन्याभरात, १० एप्रिलला, ‘फील्ड कायदा’ आला. शाळेची इमारत बांधायची तर नकाशे राज्याच्या वास्तुविशारद कार्यालयानं तपासायचे आणि जागेवर निरीक्षकानं उभं राहून काम पाहायचं. हा कायदा कम्युनिटी कॉलेजांनाही, म्हणजे फ्रेस्नोच्या या कॉलेजसारख्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजांनाही, लागू आहे. गंमत म्हणजे राज्याच्या मोठ्या विद्यापीठांना तो नाही. म्हणजे इथून दोन वर्षांनी तिकडे गेलेला विद्यार्थी वेगळ्याच नियमाच्या छताखाली बसतो!

फ्रेस्नोची ही वास्तू त्या नियमात बसेना. पाडायची भाषा सुरू झाली. गावातली माणसं आडवी आली, इमारत वाचली. पण वाचली म्हणजे नुसती उभी राहिली. दुरुस्तीला पैसा कुठून आणायचा?

(दृश्य: स्वयंपाकघरातलं टेबल. चहाचा कप, घरपट्टीचं बिल.)

त्याचं उत्तर अशा एखाद्या बिलावर सापडतं. कॅलिफोर्नियात घरपट्टी वर्षातून दोनदा भरायची. १० डिसेंबर आणि १० एप्रिल या तारखा चुकल्या की दंड. बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या, मराठी घरांतही या तारखा पाठ असतात. मोठ्या आकड्याखाली बारीक अक्षरांत काही ओळी येतात, त्यातली एक असते कम्युनिटी कॉलेजच्या बॉन्डची. क्युपर्टिनोत राहणाऱ्यासाठी ते कॉलेज म्हणजे घराजवळचं डी अँझा. संध्याकाळी अकाउंटिंग किंवा कोडिंगचा एखादा कोर्स करायला जातात ते.

बॉन्ड म्हणजे कर्जरोखे. कॉलेजचा जिल्हा, म्हणजे त्या भागातली कॉलेजं चालवणारी स्थानिक संस्था, बाजारातून कर्ज उचलते, इमारत आज उभी राहते आणि हप्ते घरमालक पुढची कित्येक वर्षं घरपट्टीतून फेडतात. अर्थात त्याआधी मतदारांचा होकार हवा. पूर्वी दोन तृतीयांश मतं लागायची. शंभरात चौतीस माणसं अडून बसली की संपलं. २००० साली ‘प्रस्ताव ३९’ राज्यभरच्या मतदानात पास झाला आणि अट ५५ टक्क्यांवर उतरली. बदल्यात लगामही आले. कामांची यादी आधीच जाहीर करायची, दरवर्षी हिशेब तपासून घ्यायचा, नागरिकांची देखरेख समिती नेमायची. करालाही मर्यादा: घराच्या नोंदलेल्या किमतीच्या दर एक लाख डॉलरमागे वर्षाला २५ डॉलर.

‘नोंदलेली किंमत’ हीही इथली खास चीज. १९७८ च्या ‘प्रस्ताव १३’ मुळे घर विकलं जाईपर्यंत त्याची करपात्र किंमत वर्षाला फार तर २ टक्क्यांनी वाढते. म्हणून चाळीस वर्षांपूर्वी घर घेतलेले आजोबा आणि त्यांच्या शेजारी गेल्या वर्षी राहायला आलेलं जोडपं, दोघांची घरं सारखी, पण त्याच कॉलेजसाठी जोडपं कितीतरी पट भरतं.

(दृश्य: ड्रोनमधून आधी सिलिकॉन व्हॅली, मग खोऱ्यातली शेतं.)

आता खरी गोम. २५ डॉलर सगळीकडे तेच, पण घरं तीच नाहीत. सिलिकॉन व्हॅलीत या दरानं डोंगराएवढा पैसा जमतो, शेतीच्या भागात ओंजळभर. ही दरी बुजवायला राज्याचा पैसा. निदान कल्पना तशी आहे.

राज्यही बॉन्डच काढतं, फक्त फेड घरपट्टीतून होत नाही, राज्याच्या तिजोरीतून होते. २०१६ मध्ये शाळा-कॉलेजांच्या इमारतींसाठी ९०० कोटी डॉलरच्या बॉन्डला मतदारांनी हो म्हटलं, त्यातले २०० कोटी कम्युनिटी कॉलेजांचे. तेव्हाचे गव्हर्नर जेरी ब्राउन यांचा त्याला उघड विरोध होता. मार्च २०२० मध्ये १,५०० कोटींचा प्रस्ताव आला आणि पडला. त्याचा क्रमांक नेमका १३ होता. त्या आकड्यानं मतदार गोंधळले, असंही तेव्हा बोललं गेलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये १,००० कोटींचा पास झाला. त्यात कम्युनिटी कॉलेजांच्या वाट्याला १५० कोटी. कॉलेजं ११६! त्यातलं एक पूर्ण ऑनलाइन, त्याला वर्गखोल्या नकोत, ते सोडून देऊ.

पैसा मंजूर झाला म्हणजे हाती आला असं नाही. कॉलेजनं पाच वर्षांचा आराखडा द्यायचा, मग प्रकल्पाचा सविस्तर प्रस्ताव. धोकादायक इमारती आधी. बाकीच्यांना गुण मिळतात आणि स्थानिक हिस्सा जास्त टाकणाऱ्याला गुण जास्त. म्हणजे दरी बुजवायला आणलेल्या मातीतही श्रीमंताचं घमेलं मोठं. हे मला पटत नाही. खोल्या किती तास भरलेल्या असतात, तेही राज्य मोजतं. कोविडनंतर विद्यार्थी ऑनलाइन गेले, खोल्या कागदावर रिकाम्या दिसू लागल्या. वेल्डिंगची कार्यशाळा जुनाट झाली असेल, पण इतिहासाचे वर्ग ओस आहेत ना, मग तुम्हाला जागा कशाला, असा हिशेब निघू शकतो.

त्यातून पार पडलात की प्राथमिक नकाशे, कामाचे नकाशे, बांधकाम, उपकरणं. दोन वर्षांसाठी आलेली मुलगी भूमिपूजनाचा फोटो बघते. उद्घाटनाला ती कुठल्या कुठे नोकरी करत असते.

आणि डागडुजी? २०२२ च्या बजेटमध्ये राज्यानं देखभाल-दुरुस्तीसाठी सुमारे ८४ कोटी डॉलर ठेवले. पुढच्या वर्षी तिजोरीत खडखडाट झाला, तेव्हा निम्म्याहून जास्त परत काढून घेतले. गळकं छत कात्रीची वाट पाहत नाही, कात्री मात्र आधी त्याच्याकडेच वळते.

(दृश्य: पुन्हा फ्रेस्नो. व्हरांड्यातून जाणारे विद्यार्थी.)

फ्रेस्नोच्या जिल्ह्यातल्या मतदारांनी २००२ मध्ये बॉन्ड मंजूर केला. भिंतींच्या आत मजबुतीकरण झालं, कमानी तशाच राखल्या. २०११ पर्यंत इमारत पुन्हा नांदती झाली. १९१० मध्ये राज्यातलं पहिलं कम्युनिटी कॉलेज याच शहरात सुरू झालं होतं, आणि त्याच कॉलेजला स्वतःच्या वास्तूचं दार उघडायला पस्तीसेक वर्षं लागली.

(दृश्य: संध्याकाळ. दुसऱ्याच एका कॉलेजची बहुमजली पार्किंग इमारत.)

प्रस्ताव ३९ च्या लगामांतला एक सांगायचा राहिला. बॉन्डच्या पैशातून पगार देता येत नाही. वीट घ्या, काच घ्या, प्रयोगशाळेचं टेबल घ्या, शिक्षक नाही. तासांवर शिकवणारे कितीतरी जण एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात गाडी पळवत असतात. त्यांना इथे नावच पडलंय, ‘फ्रीवे फ्लायर’. यांचं ऑफिस म्हणजे गाडीची डिकी: तपासायच्या उत्तरपत्रिका, खडूंचा डबा, डबा म्हणजे खरोखर जेवणाचाही डबा. नव्या कोऱ्या पार्किंगच्या तिसऱ्या मजल्यावर डिकी बंद होते. पुढचा वर्ग सातला, आणि फ्रीवेवर आत्ताच लाल दिव्यांची रांग लागलीय.