हेन्री फोर्डचा हट्ट आणि भंगारातल्या गाड्या

(पडद्यावर : कोरडी, तडकलेली जमीन. दूरवर धुळीचा लोट आणि त्याच्या टोकाला एक काळा ठिपका.)

हे एल मिराज. कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटातलं तळं. तळं म्हणायचं खरं, पण वर्षातले बहुतेक दिवस इथे पाण्याचा टिपूस नसतो. हिवाळ्यात थोडा पाऊस होतो, चिकणमाती भिजून आपोआप सपाट होते आणि मग वाळून कोब्यासारखी टणक बनते. झाड नाही, खांब नाही, वळण नाही. गाडी सरळ रेषेत किती पळते एवढंच बघायचं असेल, तर यापेक्षा बरी जागा शोधून सापडायची नाही.

लॉस एंजेलिसच्या आसपास अशी बरीच तळी आहेत. म्युरॉक, रोझमंड, हार्पर. १९३० च्या दशकात शनिवारी रात्री शहरातून पोरं निघायची, वाळवंटात उघड्यावर झोपायची आणि वारा सुटायच्या आत, पहाटे पहाटे गाड्या पळवायची. याच गाड्यांना पुढे ‘हॉट रॉड’ म्हणू लागले. त्या कुठल्याही दुकानात मिळत नव्हत्या. त्या घरामागच्या गॅरेजात बनायच्या, आणि माल यायचा भंगारवाल्याकडून.

(पडद्यावर : भंगाराच्या आवाराची जुनी छायाचित्रं. एकावर एक रचलेले सांगाडे.)

मंदीचा काळ होता, पोरांच्या खिशात दमड्या नव्हत्या. पण जुन्या फोर्ड गाड्या मात्र उदंड. एकट्या ‘मॉडेल टी’चे १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटी नग बाहेर पडले होते. त्यामुळे मोडकी, उघडी दोन माणसांची गाडी, म्हणजे रोडस्टर, थोडक्या डॉलरांत मिळून जायची. ती ओढत घरी आणायची आणि पहिलं काम करायचं ते काढून टाकण्याचं. मडगार्ड काढा, टप काढा, बंपर काढा, पायरी काढा. पुढची काचसुद्धा काढा. वजन उतरलं की वेग फुकटात वाढतो, हे गणित कळायला इंजिनिअर असावं लागत नाही.

त्यानंतर इंजिन. मॉडेल टीच्या इंजिनाची ताकद वीस हॉर्सपॉवर. ती वाढवायला बाजारात वेगळी हेड, म्हणजे सिलिंडरवर बसणारी झाकणं, मिळत, आणि त्यातलं एक नावाजलेलं हेड, फ्रंटेनॅक, बनवणारे होते शेवरले बंधू. हो, तेच शेवरले. स्वतःच्या नावाची कंपनी केव्हाच दुसऱ्यांच्या हाती गेलेली आणि हे भाऊ फोर्डला पळवण्याचं सामान विकत होते.

खरा खेळ सुरू झाला १९३२ मध्ये. आठ सिलिंडरचं इंजिन ही तोवर पैसेवाल्यांची मिजास होती. फोर्डने व्हीच्या आकारात चार-चार असे आठही सिलिंडर आणि खालचा क्रँककेस, म्हणजे फिरत्या दांड्याचं घर, एकाच ओतीव ब्लॉकमध्ये बसवले, त्यामुळे खर्च उतरला आणि ६५ हॉर्सपॉवरची व्ही-एट गाडी पाचशे डॉलरच्या आत मिळू लागली. लोकांनी ती घेतली, चालवली, ठोकली. काही वर्षांतच ती इंजिनं भंगारात दिसू लागली, आणि पोरं तयारच होती.

(पडद्यावर : उघडलेलं व्ही-एट इंजिन. हात ब्लॉकवरून फिरतोय.)

हे इंजिन जरा जवळून बघू. व्हॉल्व्ह हेडमध्ये नाहीत, खाली ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या शेजारी आहेत. हेड म्हणजे वरून बसवलेलं सपाट झाकण. म्हणून हे फ्लॅटहेड. व्हॉल्व्ह आतल्या अंगाला आणि धुरांडी बाहेरच्या अंगाला. म्हणजे जळालेला वायू बाहेर पडायचा तर त्याला ब्लॉकच्या पोटातून, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या शेजारून जावं लागतं. त्यातून प्रत्येक बाजूच्या मधल्या दोन सिलिंडरना बाहेर पडायला मिळून एकच वाट. वायू जाता जाता पाणी तापवतो. चढावर आणि उन्हात हे इंजिन उकळणार, हे ठरलेलं.

आता हा ओरखडा पाहा. सिलिंडर आणि व्हॉल्व्ह यांच्या मध्ये लोखंडाचा एक उंबरा असतो. तो हाताने ग्राइंडर धरून तासायचा, म्हणजे पेट्रोल-हवेचं मिश्रण मोकळेपणी आत शिरतं. मग आतल्या वाटा रुंद करायच्या. इथे हात जरा जास्त चालला की थेट पाण्याच्या जागेत भोक. ब्लॉक बाद. परत भंगारवाल्याच्या दारात.

एकाच्या जागी दोन कार्बोरेटर बसवायचे, तर खालचा मॅनिफोल्ड, म्हणजे मिश्रण सिलिंडरांत वाटून देणारी नळी, नवा लागणार. व्हिक एडलब्रॉकने असा मॅनिफोल्ड स्वतःच्या गाडीसाठी केला. शर्यतीत तो लोकांच्या डोळ्यांत भरला आणि मागणी सुरू झाली. एड इस्केंडेरियनने युद्धानंतर कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, घासून द्यायचा धंदा काढला. स्टुअर्ट हिलबोर्नने कार्बोरेटरच फेकून दिले आणि पेट्रोल थेट आत फवारणारी यंत्रणा बनवली. १९४८ मध्ये त्याच्या गाडीने ताशी १५० मैल, म्हणजे २४१ किलोमीटर ओलांडले. कोरड्या तळ्यांवर हे आधी कुणाला जमलं नव्हतं. इंडियानापोलिसच्या शर्यतीत पुढे वर्षानुवर्षं त्याचीच यंत्रणा वापरात होती.

पण एक प्रश्न राहतोच. भंगारात काय फक्त फोर्डच पडल्या होत्या? मग सगळे फोर्डच्याच मागे का?

स्वस्ताई हे कारण आहेच. माझ्या मते त्याहून मोठं कारण म्हणजे हेन्री फोर्डचा हट्ट. म्हातारा एकदा ठरवलेलं सोडायचा नाही. मॉडेल टीला पुढे-मागे स्प्रिंगचा एकेक आडवा पाटा होता. बाकीच्या कंपन्या केव्हाच पुढे गेल्या, तरी फोर्ड गाडीला १९४८ पर्यंत तेच आडवे पाटे. दोन चाकांना एकत्र बांधणारे सलग ॲक्सल, तेही तसेच. क्रायस्लरने १९२४ मध्ये हायड्रॉलिक ब्रेक दिले. फोर्डने दिले ते १९३९ मध्ये, तोवर सळ्या नाहीतर तारा ओढून चाकं थांबवायची. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने हा मागासलेपणाच. गॅरेजातल्या पोराच्या दृष्टीने मात्र चंगळ! रचनाच बदलली नाही, म्हणून एका सालचा भाग दुसऱ्या सालच्या गाडीला लागायचा. १९३२ ची चासी घ्या, तिच्यात १९३९ चा गिअरबॉक्स बसवा, १९४० चे ब्रेक लावा, वर फोर्डच्याच मर्क्युरी गाडीचं मोठं इंजिन ठेवा आणि १९२९ ची बॉडी चढवा. थोडी घासाघीस, थोडं वेल्डिंग, झाली गाडी. पंधरा-सोळा वर्षांच्या गाड्यांचे अवयव एकमेकांना चालतात, असं मोटारींच्या इतिहासात फार वेळा घडलेलं नाही.

(पडद्यावर : म्युरॉक, धुळीत हरवलेल्या गाड्या.)

सुरुवातीला शर्यती म्हणजे नुसता हैदोस. पाच-सहा गाड्या एका ओळीत सुटायच्या. पुढचा सोडून बाकी सगळे धुळीत आंधळे, आणि तरीही ॲक्सिलरेटरवरचा पाय कुणी उचलत नसे. माणसं मेली. १९३७ च्या अखेरीला क्लबांनी एकत्र येऊन सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली, आणि पुढच्या वर्षी म्युरॉकवर तिची पहिली शर्यत झाली. वेग मोजून नोंदवला जाऊ लागला. चालकाला एक छोटी धातूची पट्टी मिळे, तिच्यावर नाव, वेग आणि तारीख. ती डॅशबोर्डवर ठोकायची. आज जुन्या गाडीवर अशी खरी पट्टी सापडली, तर गाडीची किंमत बघता बघता चढते.

मग युद्ध आलं. म्युरॉक लष्कराने घेतलं. १४ ऑक्टोबर १९४७ ला वैमानिक चक येगरने विमानातून आवाजाचा वेग ओलांडला, तो तिथूनच. पोरं सैन्यात गेली, गाड्या झाकून ठेवल्या गेल्या. मागे राहिलेल्या व्हेडा ऑर या बाईंनी असोसिएशनचं वार्तापत्र चालू ठेवलं आणि जिथे जिथे ही पोरं लढत होती तिथे ते टपालाने धाडलं. या बाई स्वतः तळ्यावर गाडी पळवणाऱ्यांतल्या. पुरुषांच्या नावांनी भरलेल्या या इतिहासात त्यांचा उल्लेख दोन ओळींत उरकतात, आणि आपणही आत्ता तेच करतोय.

(पडद्यावर : थेंबाच्या आकाराची, चार उघड्या चाकांची गाडी.)

ही बघा. ही गाडी वाटते का? बिल बर्क युद्धकाळात पॅसिफिकमधल्या बेटांवर होता. लढाऊ विमानांच्या पोटाखाली लटकवायच्या पेट्रोलच्या जादा टाक्या त्याने तिथे पाहिल्या. वाऱ्याला अडू नये म्हणून दिलेला आकार, दोन्ही टोकांना निमुळता. युद्ध संपलं आणि या टाक्या लष्करी भंगारात कवडीमोल झाल्या. १९४६ मध्ये त्याने पी-५१ विमानाची टाकी आणली, पोट कापलं, आत फोर्डची चासी आणि फ्लॅटहेड बसवलं. जागा इतकी अपुरी, की बसायला सायकलचं सीट! पुढची गाडी त्याने पी-३८ च्या मोठ्या, ३१५ गॅलनच्या टाकीतून केली आणि इंजिन चालकाच्या पाठीमागे नेलं. ॲलेक्स झिडियसच्या ‘सो-कॅल स्पीड शॉप’ने अशाच टाकीची गाडी काढली. तिच्यात आलटून पालटून वेगवेगळी इंजिनं बसवून ते वेगवेगळ्या गटांत उतरायचे, आणि १९५२ मध्ये बॉनव्हिलच्या मिठागरावर ती ताशी १९८ मैलांनी, म्हणजे ३१९ किलोमीटरच्या वेगाने गेली.

शहरात मात्र या पोरांची बदनामीच होती. रस्त्यावर शर्यती लावतात, माणसं मारतात, असं वर्तमानपत्रं लिहीत, आणि ते अगदी खोटं होतं असंही नाही. जानेवारी १९४८ मध्ये लॉस एंजेलिसच्या आर्मरीत, म्हणजे लष्करी शस्त्रागाराच्या इमारतीत, हॉट रॉडचं प्रदर्शन भरलं, ते बरंचसं ही अब्रू सावरायला. रॉबर्ट पीटरसन नावाचा तरुण तिथे पंचवीस सेंटला एक नवं मासिक विकत होता. नाव, ‘हॉट रॉड’. ते चाललं. १९५० मध्ये सँटा अ‍ॅनाच्या विमानतळाच्या धावपट्टीवर तिकीट लावून शर्यती सुरू झाल्या. वाळवंटापर्यंत जायची गरज उरली नाही.

आणि याच सुमाराला फोर्डचा हट्टही सुटला. १९४९ ची फोर्ड पूर्ण नवी होती. पुढची चाकं स्वतंत्र, आडवे पाटे गेले, जुने भाग लागेनात. १९५३ नंतर अमेरिकेत फ्लॅटहेड बंद झालं. १९५५ ला शेवरलेचं हलकं, हेडमध्ये व्हॉल्व्ह असलेलं व्ही-एट आलं आणि पोरांनी फोर्डच्या चासीत शेवरले बसवायला सुरुवात केली. कट्टर फोर्डवाल्यांना तो आजही अधर्म वाटतो.

(पडद्यावर : हिरवळ, चकाकणारा काळा रोडस्टर.)

१९९७ मध्ये पेबल बीचच्या श्रीमंती मोटार-मेळ्यात हॉट रॉडना वेगळा गट मिळाला. आता १९३२ च्या फोर्डची पोलादी बॉडी अगदी नवी, कारखान्यातून, मापात बनून येते. कधीही भंगारात न पडलेली जुनी गाडी! हौसेला मोल नसतं, मान्य. पण ज्या गाडीत कुणाची तरी चूक, कुणाचं तरी वेल्डिंग दिसत नाही, ती बघताना मला तरी जांभई येते.

त्यापेक्षा एल मिराजला जावं. असोसिएशन तिथे अजून शर्यती घेते. तिच्या नियमपुस्तकात एक्सएफ नावाचा एक वर्ग आहे, १९३२ ते १९५३ मधल्या फोर्ड आणि मर्क्युरीच्या फ्लॅटहेडसाठी राखून ठेवलेला. त्यात अजून नावं येतात, विक्रम मोडले जातात, आणि इंजिनं उकळायची ती उकळतातच.