खेचरांच्या वाटेवर सायकल: आरागोनमधलं सोब्रार्बे

नमस्कार मंडळी. समोर बरेच सायकलवाले दिसतायत, ट्रेकवाले पण आहेत, त्यामुळे थेट विषयावरच येतो. आज आपण जातोय स्पेनच्या उत्तरेला, आरागोनमधल्या वेस्का प्रांतात, पिरेनीजच्या दक्षिण उतारावर. तिथे सोब्रार्बे नावाचा भाग आहे. क्षेत्रफळ दोन हजार दोनशे चौरस किलोमीटरच्या आसपास आणि माणसं सगळी मिळून साडेसात हजारच्या घरात, म्हणजे चौरस किलोमीटरला चार माणसंसुद्धा येत नाहीत. हा आकडा लक्षात ठेवा कारण पुढचं सगळं त्याच्याशी जोडलेलं आहे.

इथलं मुख्य गाव आइन्सा. आरा आणि सिंका या दोन नद्यांचा संगम होतो त्याच्या वरच्या टेकाडावर जुनं गाव बसलंय. मध्ये मोठा दगडी चौक, बाजूने कमानींचे ओटे, एका टोकाला ११व्या शतकातला किल्ला, आणि सांता मारिया चर्च, ज्याचं अर्पण ११८१ साली झालं. १९६५ मध्ये सरकारने अख्ख्या जुन्या गावालाच ऐतिहासिक वारसा म्हणून संरक्षण दिलं. आता याच चौकात सकाळी फुल-सस्पेन्शन, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे शॉक-अॅब्सॉर्बर असलेली बाइक घेऊन, गुडघ्याला पॅड बांधून बसलेली, कॉफी पिणारी माणसं दिसतात आणि गावातल्या आज्ज्या त्यांच्या बाजूने पाव घेऊन जातात, कुणाला त्याचं काही वाटत नाही. मला हे दृश्य फार आवडतं.

पण आपला खरा विषय वाटा. युरोपात बाइक पार्क भरपूर आहेत, लिफ्टने वर जायचं आणि मशीनने बनवलेल्या ट्रॅकवरून खाली यायचं, त्यातही मजा आहे, नाही असं नाही. सोब्रार्बेतल्या बहुतेक वाटा मात्र सायकलसाठी कुणी बनवलेल्याच नाहीत. गावातून गावाला, गावातून गिरणीला, डोंगरावरच्या छोट्या देवळाला, वरच्या कुरणाला जायच्या या खेचरांच्या वाटा, शेकडो वर्षं वापरातल्या. दोन्ही बाजूला दगडावर दगड रचून, चुना-माती काही न घालता केलेल्या भिंती, आपल्या कोकणात गडगा असतो तशाच. हे नुसत्या दगडात बांधायचं कौशल्य २०१८ मध्ये युनेस्कोने अमूर्त वारसा म्हणून नोंदवलं, तेव्हा त्या नोंदीत स्पेनसकट आठ देश होते.

मग विसाव्या शतकात माणसं निघून गेली. सारागोसा, बार्सिलोना, कारखाने, पगार. खेचरं गेली, वाटांवर बॉक्सवुडची झुडपं आली, भिंती ढासळल्या, आणि जी वाट कुणी चालत नाही ती पाच-दहा वर्षांत दिसेनाशी होते, हे इथे बसलेल्या ट्रेकवाल्यांना मी काय सांगणार. गेल्या दीडेक दशकात आइन्सातले गाइड, हॉटेलवाले, सायकल दुकानवाले असे लोक एकत्र आले, झोना झेरो नावाने काम सुरू झालं, जुन्या वाटा शोधून काढल्या, झाडी छाटली, पाट्या लावल्या, अवघडपणानुसार रंग दिले. म्हणजे नवीन काही खणण्यापेक्षा जे होतं ते मोकळं केलं. माझ्या मते माउंटन बाइकिंगमधलं हे सगळ्यात मोलाचं काम आहे आणि आजचं माझं सगळं बोलणं याच एका गोष्टीसाठी आहे.

खेचराच्या वाटेवर सायकल का चांगली चालते? पाठीवर ओझं असलेलं खेचर फार खड्या चढाला लावत नाहीत, त्यामुळे बांधणाऱ्यांनी चढ एकसारखा ठेवला, वळणं घेत घेत वाट वर नेली. उतरताना तुम्हाला तेच मिळतं, लांबच लांब एका लयीत उतार. पण वळणं चार पायांच्या जनावराच्या मापाची, एकदम आखूड, तिथे लांब व्हीलबेसची, म्हणजे दोन चाकांत जास्त अंतर असलेली आजकालची एन्ड्युरो बाइक (डोंगरउताराच्या शर्यतींची सायकल) मावत नाही, मग पुढचा ब्रेक हळूच धरून मागचं चाक उचलून फिरवायला लागतं. हे आधी सपाटीवर शिकून जा. आणखी एक, वाटेत आडवे दगड लावलेले दिसतील, जरा वर आलेले. ते अडथळा म्हणून नाहीयेत, पावसाचं पाणी वाटेवरून बाजूला काढायला आहेत. ते उखडले की पाणी वाटेतूनच धावतं आणि दोन पावसाळ्यांत तिचा ओढा होतो. म्हणून मागचं चाक लॉक करून घसरत वळायची जी सवय व्हिडिओ बघून लागते ना, ती इथे नको. खरंच नको. त्या दगडाखालची माती हलली की परत बसवायला माणसं फार थोडी आहेत, साडेसात हजार, सांगितलं ना मघाशी.

आता जमीन. आइन्साच्या भोवती राखाडी मार्लच्या टेकड्या आहेत, मार्ल म्हणजे चुना आणि चिकणमाती मिसळलेला मऊ खडक, जुन्या समुद्राच्या तळाशी साठलेला. झाड नाही, गवत नाही, नुसत्या राखाडी धारा आणि घळी. कोरड्यात त्यावर टायर असा धरतो की विश्वास बसत नाही, तिरक्या उतारावरूनही नेता येते सायकल. आणि पाऊस पडला की तीच जमीन चिकट होते, चाक-फोर्कमध्ये माती भरते, चाक फिरायचंच थांबतं. तेव्हा वाळेपर्यंत थांबायचं, ओल्या मार्लवर पडलेला चाकाचा चर तसाच वाळून राहतो. या सगळ्या भूगर्भासाठी सोब्रार्बे २००६ पासून युरोपियन जिओपार्क आहे आणि २०१५ पासून युनेस्को ग्लोबल जिओपार्क. उत्तरेला बघितलं की पेन्या मोंतान्येसाचा चुनखडीचा कडा, बावीसशे मीटरच्या वर, दिवसभर कुठूनही दिसतो, रस्ता चुकलात तरी दिशा चुकत नाही.

२०१५ आणि परत २०१८ मध्ये इथे एन्ड्युरो वर्ल्ड सिरीजची फेरी झाली. एन्ड्युरोत वेळ फक्त उतारांच्या स्टेजची मोजतात, मधले चढ स्वतःच्या पायाने, ठरलेल्या वेळेच्या आत पार करायचे. जगातले सगळे मोठे रायडर या खेचरांच्या वाटांवरून उतरले. त्याने गावाचं नाव झालं हे खरंय, पण मला रेसपेक्षा जास्त महत्त्वाचं हे वाटतं की एरवी उन्हाळ्याच्या दोन महिन्यांवर जगणाऱ्या हॉटेलांना वसंतात आणि शरदात पण माणसं मिळायला लागली.

आता नद्यांकडे येऊ, कारण नद्यांशिवाय हा भाग कळतच नाही. सिंकावर पूर्वी लाकडाचे ओंडके बांधून तराफे करायचे आणि ते पाण्यावरून खाली एब्रो नदीपर्यंत न्यायचे. धंदा बंद पडला, पण १९८३ पासून दर मे महिन्यात लोक पुन्हा तराफे बांधून आइन्सापर्यंत येतात, २०२२ मध्ये युनेस्कोने ही तराफ्यांची परंपरा स्पेनसह सहा देशांच्या नावे नोंदवली. त्याच सिंकावर आइन्साच्या खाली मेदियानोचं धरण आहे. १९६९ मध्ये मेदियानो गाव पाण्याखाली गेलं, चर्चचा मनोरा अजून पाण्यातून वर दिसतो, पाणी उतरलं की चर्चचं बाकीचं बांधकामही दिसतं. लोक तिथे फोटो काढतात. मी सांगेन फोटो काढा, पण जरा थांबा तिथे.

आणि आरा. पिरेनीजमधल्या मोठ्या नद्यांपैकी मोठं धरण न झालेली नदी म्हणून तिचं नाव घेतात. पण तीही जवळजवळ गेलीच होती. हानोवास नावाचं गाव आहे आराच्या काठी, धरण होणार म्हणून १९६० च्या दशकात तिथली घरं-शेतं ताब्यात घेतली, घरं सुरुंग लावून पाडली, १९६६ मध्ये शाळेचं दार लाथ मारून उघडून मुलांना बाहेर काढलं. तरी एक कुटुंब हटलं नाही, १९८४ पर्यंत राहिलं, वीज नाही, शेजारी नाही. आणि २००१ मध्ये पर्यावरणाच्या कारणावरून धरण नाकारलं गेलं. म्हणजे गाव उठवलं आणि धरण झालंच नाही. धरणापायी गाव जाणं म्हणजे काय हे कोयनेकाठच्या माणसाला समजवायला नको, पण हे न झालेल्या धरणापायी. आता मूळ गावकऱ्यांची मुलं-नातवंडं जमिनी परत मिळवून, स्वतःच्या खर्चाने, सुट्टीच्या दिवशी येऊन घरं उभी करतायत. तुम्ही बोल्तान्याकडून आराच्या खोऱ्यात वर चढत गेलात की हे गाव लागतं. तिथे सायकलवरून उतरून चालत जा, कुणाच्या पडक्या घरात शिरू नका, ती कुणाची तरी आहेत.

एकाने मघाशी चिठ्ठी पाठवलीये, या वाटांवर सायकल कायदेशीर आहे का. चांगला प्रश्न आहे. स्पेनमध्ये मेंढपाळांचे जुने कळपरस्ते आहेत, आरागोनमध्ये काबान्येरा म्हणतात, मोठे राजमार्ग ७५ मीटरपर्यंत रुंद. १९९५ च्या कायद्याने हे सगळे सार्वजनिक मालमत्ता म्हणून राखलेत आणि पायी चालणं, घोडा, सायकलसारखी मोटर नसलेली वाहनं यांना मुभा दिलीये, कळपाला त्रास न देता. ई-बाइकवाल्यांनी मात्र स्थानिक नियम विचारून घ्यावेत. गावांमधल्या पायवाटांवर चालणाऱ्याला पहिला मान, हे सगळीकडे. आणि वर ओर्देसा नॅशनल पार्क आहे, १९१८ पासूनचं, त्याच्या आतल्या पायवाटांवर सायकल नेता येत नाही, तिथे बूट घालून जा.

कधी जायचं, तर एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये राखाडी टेकड्या तापतात आणि वाटेवर पाणी नाही. आइन्साला रेल्वे नाही, सारागोसा किंवा बार्सिलोनाला उतरून गाडी करायची. टायर ट्यूबलेस आणि सीलंट, म्हणजे टायरमधलं भोक आतून बुजवणारं द्रव, भरपूर, कारण एरिसोन नावाचं काटेरी झुडूप वाटेच्या कडेला पसरलेलं असतं. आणि रात्री पाऊस झाला असेल तर सकाळी निघायच्या आधी दुकानात विचारा कुठल्या वाटा कोरड्या आहेत, ते खडकाळ वाटा सुचवतील. सगळंच ओलं असेल तर त्या दिवशी सायकल भिंतीला टेकवा आणि आइन्साच्या किल्ल्यात दाढीवाल्या गिधाडाचं प्रदर्शन आहे ते बघा, हेच गिधाड आपल्या हिमालयातही आहे.