माणशी एक डॉलर

नमस्कार श्रोतेहो.

पाऊस ओसरला की मिरामार ते दोनापावला रस्त्यावर पहाटे धावणाऱ्यांची वर्दळ वाढते. त्यांतलाच एखादा शेजारी दारात येऊन म्हणतो, "कर्करोगावरच्या संशोधनासाठी मॅरेथॉन धावतोय, तुम्ही किती देणार?" आपल्याला वाटतं, याच्या धावण्याने रोग कसा बरा होणार? मला याचं उत्तर टेरी फॉक्सकडे मिळालं.

टेरी कॅनडाचा. 1977 साली, अठराव्या वर्षी, हाडाच्या कर्करोगामुळे त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. जगण्याची शक्यता शंभरात पन्नास, असं त्याला सांगण्यात आलं. दोन वर्षांपूर्वी ती शंभरात पंधराच होती. ऐकलंत ना? दोन वर्षांत पंधराचे पन्नास! हे केलं संशोधनाने, आणि संशोधनाला पैसा लागतो.

तो पैसा गोळा करायला, 12 एप्रिल 1980 रोजी, कॅनडाच्या पूर्व टोकाच्या सेंट जॉन्स शहराच्या किनाऱ्यावर टेरीने कृत्रिम पाय अटलांटिकच्या पाण्यात बुडवला आणि तो पश्चिमेकडे धावत सुटला. रोज जवळपास 42 किलोमीटर, म्हणजे रोज एक मॅरेथॉन. गोव्याच्या उत्तर टोकाच्या पात्रादेवीहून निघाला असता तर तीन-साडेतीन दिवसांत दक्षिण टोकाच्या पोळे गावाला पोचला असता. धड पायावर दोन उड्या, मग कृत्रिम पायाचं एक पाऊल. शाळेत तो बास्केटबॉल खेळायचा. तो दम मैदानावरच कमावलेला.

सुरुवातीला देणग्या फारशा जमेनात. मग पोर्ट ओ बास्क नावाचं गाव लागलं. वस्ती दहा हजारांची, आणि गावाने दिले दहा हजार डॉलरहून जास्त. माणशी एक डॉलर! पुढे टेरीने अख्ख्या देशाकडे तेवढंच मागितलं, माणशी एक डॉलर.

1 सप्टेंबरला थंडर बे शहराजवळ त्याला खोकल्याची उबळ आली, छातीत कळा येऊ लागल्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक उभे राहून त्याला हाका मारत होते. त्यांच्यासमोर तो थांबला नाही. शेवटचा माणूस मागे पडेपर्यंत धावला आणि मगच गाडीत बसला. कर्करोग फुप्फुसांत पोचला होता. 143 दिवसांत 5,373 किलोमीटर झाले होते. फेब्रुवारी 1981 पर्यंत निधी 2 कोटी 40 लाख डॉलरवर गेला, म्हणजे तेव्हाच्या कॅनडात माणशी एक डॉलर. जूनमध्ये टेरी गेला. बावीस वर्षांचा होता.

तेव्हा शेजारी दारात आला की त्याला बसवा, चहा द्या, आणि विचारा: पैसे कुठल्या संस्थेला जाणार? त्यातले टी-शर्ट आणि पाण्याच्या बाटल्यांवर किती जाणार? पावती मागून घ्या. आणि एकट्याने हजार देणं जमत नसेल तर वाड्यावरची दहा घरं गोळा करा, घरटी शंभर काढा.