गोदीत गोदी शोधताना

श्रोतेहो, नमस्कार.

लंडनच्या डीएलआर, म्हणजे डॉकलँड्स लाइट रेल्वेच्या गाडीला मोटरमनची केबिनच नसते. त्यामुळे पहिल्या डब्यात अगदी पुढच्या काचेला नाक लावून बसता येतं. जागा खरी पोराटोरांची, पण मी ती साठीत पटकावली आणि वेस्ट इंडिया डॉक या जुन्या गोदीकडे निघालो.

माझे वडील मुंबईच्या गोदीत कामाला. त्यांच्या कपड्यांना ओल्या गोणपाटाचा वास यायचा. तो लंडनमध्ये येईल असं का वाटलं, देव जाणे. उतरल्यावर वास आला तो कॉफीचा.

ही गोदी १८०२ सालची. त्याआधी जहाजं थेम्सच्या पात्रातच उभी राहायची, पडावांतून माल काठावर यायचा आणि वाटेत बराचसा गायब व्हायचा. म्हणून उंच भिंतींच्या आत ही गोदी बांधली. कॅरिबियन बेटांवर गुलामांनी पिकवलेल्या उसाची साखर इथे उतरायची. गोदीच्या संस्थापकांपैकी रॉबर्ट मिलिगन हा गुलामांचा मालक. त्याचा पुतळा इथेच होता, तो जून २०२० मध्ये हलवला.

पुढे कंटेनर आले. एवढी मोठी जहाजं आत येणार कशी? धंदा नदीच्या मुखाकडे, टिलबरी बंदरात गेला. १९६७ मध्ये ईस्ट इंडिया डॉक बंद झाला, १९८० मध्ये वेस्ट इंडिया, आणि १९८१ मध्ये शेवटचे रॉयल डॉक्स. त्याच वर्षी सरकारने इथे विकास महामंडळ आणलं. आता पाण्याच्या कडेला कॅनरी वॉर्फचे मनोरे आहेत. त्यातला १९९१ चा मनोरा २३५ मीटर उंच, आणि तो उभा राहतो न राहतो तोच, १९९२ मध्ये, बांधणाऱ्या कंपनीचं दिवाळं वाजलं! नोकऱ्या आल्या, पण त्या बँकांतल्या. ज्याने जन्मभर पाठीवर पोती वाहिली, त्याला तिथे कोण विचारणार? गिरणगाव पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

एक मात्र मानलं पाहिजे. त्यांनी पाणी बुजवून टाकलं नाही. तरंगत्या पुलावरून चालताना पायाखाली ते काळंशार पाणी दिसतं, आणि समोर विटांची जुनी वखार. खिडक्यांना टोकदार लोखंडी गज. साखरेला एवढा बंदोबस्त! २००३ पासून त्या वखारीत गोदीचं संग्रहालय आहे. आतले लाकडी खांब कवेत मावणार नाहीत असे.

जवळच लाइमहाउस. तिथे १८५७ मध्ये परदेशी खलाशांसाठी एक वसतिगृह निघालं होतं, कारण जहाज रिकामं झालं की लास्कर बिचारे थंडीत रस्त्यावर. लास्कर म्हणजे आपल्याकडचे खलाशी. त्यांत कोकणातले होते, गोव्याचेही होते. घरी पत्र लिहायला त्यांना कोण भेटत असेल?

संग्रहालयात एका काचेमागे गोदी कामगाराचा आकडा ठेवलाय. लाकडी मूठ, पुढे वाकडं लोखंड. पोत्यात खुपसून ओढायचं. मी बराच वेळ तिथे उभा राहिलो. आमच्याकडचा आकडा वडील निवृत्त झाल्यावर माळ्यावर पडून होता. आई त्याने कधी कधी नारळ सोलायची. घर बदलताना मीच तो भंगारवाल्याला दिला, रद्दीबरोबर, किलोच्या भावाने.

नमस्कार.