सर्वानुमते

[दृश्य: लोखंडी कपाट. लाल कापडी बांधणीचं जाडजूड रजिस्टर टेबलावर येतं. पानं उलटली जातात.]

महाराष्ट्रातल्या कुठल्याही संस्थेचं प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभांच्या इतिवृत्ताचं रजिस्टर, उघडा. वाचनालय असो, शिक्षणसंस्था असो, देवस्थान असो की अनाथालय, एक वाक्य हमखास सापडेल. "सदर विषयावर सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते असे ठरले की..."

काय चर्चा झाली, ते लिहिलेलं नसतं. कोण नाही म्हणालं, तेही नसतं. चाळीस-चाळीस वर्षांची रजिस्टरं चाळली तरी असं वाटतं, की या माणसांचं कधी कशावरून वाजलंच नाही. आणि मग त्याच संस्थेतले दोन गट अशा संस्थांवर देखरेख करणाऱ्या सरकारी धर्मादाय कार्यालयाच्या बाकावर, एकमेकांकडे पाठ करून बसलेले दिसतात.

[दृश्य: पुणे. जुन्या वाड्यांच्या गल्ल्या, मग फर्ग्युसन कॉलेजची दगडी इमारत.]

थोडं मागे जाऊ. 1880 साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, नामजोशी, आणि पाठोपाठ आगरकर. पुढच्याच वर्षी याच मंडळींनी केसरी आणि मराठा ही दोन पत्रं काढली. 1884 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि 1885 मध्ये फर्ग्युसन कॉलेज उभं राहिलं. इथे शिकवणारे नुसते नोकर नव्हते. ते संस्थेचे आजीव सभासद होते. वीस वर्षं द्यायची आणि महिना 75 रुपयांवर भागवायचं, असा करार. म्हणजे जे शिकवणार, तेच संस्था चालवणार. आपला पगार आपणच ठरवणार, आपल्या रजाही आपणच मंजूर करणार. आजच्या भाषेत सांगायचं तर हितसंबंधांची गुंतागुंत पहिल्या दिवसापासून घरातच होती.

टिळक-आगरकर वाद आपण शाळेत शिकतो. आधी राजकीय की आधी सामाजिक? परीक्षेला पाच मार्कांना येतो. तो वाद होताच, आणि खराही होता. पण सोसायटीच्या बैठकांमध्ये जे पेटलं, ते पुष्कळ साधं होतं. सभासदानं बाहेरची कामं घ्यावीत का? संस्थेच्या पगारापलीकडे कमवावं का? सगळ्यांना सारखंच मिळावं, की गरज पाहून कमीजास्त द्यावं? तरुण गोखल्यांनी 1890 मध्ये सार्वजनिक सभा या पुण्यातल्या राजकीय संस्थेचं चिटणीसपद घेतलं आणि टिळकांनी हरकत घेतली: सभासदाचा सगळा वेळ संस्थेचा. त्याच वर्षाच्या अखेरीस टिळक बाहेर पडले. जाताना लांबलचक राजीनामापत्र देऊन गेले.

टिळकांचं बरोबर होतं की आगरकर-गोखल्यांचं, हा निवाडा या फिल्ममध्ये होणार नाही. (माझ्या घरात तो अजून व्हायचा आहे.) पण एक गोष्ट बघा. टिळक आणि आगरकर, 1882 मध्ये डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस एकत्र काढलेली ही दोन माणसं. मैत्री याहून पक्की कुठे असणार? तरी त्यांनी "आपसात मिटवू" म्हणून प्रश्न गादीखाली सरकवला नाही. कागदावर भांडले. म्हणून आज, सव्वाशेहून अधिक वर्षांनी, आपण दोन्ही बाजू वाचू शकतो. आणि ती सोसायटी अजून चालू आहे.

[दृश्य: मुंबई, वरळी. धर्मादाय आयुक्त कार्यालय. फायलींचे गठ्ठे.]

त्या काळी अशा मंडळांवर आजच्यासारखी देखरेख नव्हती. आज आहे. महाराष्ट्रात 1950 चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आहे. 1860 च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली सोसायटी नोंदवली आणि तिचं काम धर्मादाय असलं, की इथे ती सार्वजनिक न्यासही, म्हणजे पब्लिक ट्रस्टही ठरते. त्यामुळे आपल्याकडच्या बहुतेक संस्थांच्या लेटरहेडवर दोन नोंदणी क्रमांक दिसतात. त्यातला दुसरा 'एफ'ने सुरू होतो.

विश्वस्त बदलला की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयाला चेंज रिपोर्ट द्यायचा. कलम 22. ऐकायला किरकोळ. पण हा अर्ज मंजूर होऊन शेड्यूल वनला, म्हणजे न्यासांच्या सरकारी नोंदवहीला, नाव लागेपर्यंत, निवडून आलेली मंडळी कागदोपत्री कुणीच नसतात. बँक त्या नोंदवहीचा उतारा मागते, देणगीदार उतारा मागतो, आणि उताऱ्यावर नावं कुणाची? त्यातले तिघे वारलेले, एक मुलाकडे अमेरिकेत. रिपोर्ट वेळेवर गेला नाही, की पुढची निवडणूक झाल्यावर दोन रिपोर्ट साठतात. मग जुन्या गटाला जाग येते. तो हरकत घेतो, आणि हरकतीत पहिला मुद्दा ठरलेला असतो: सभेची नोटीस मिळालीच नाही.

इथे ते लाल रजिस्टर पुन्हा टेबलावर येतं. नोटीस कधी काढली, कशी पोचवली, गणपूर्ती होती का, सूचक कोण, अनुमोदक कोण. आणि सह्या. सभा रविवारी झाली आणि शिपाई बुधवारपर्यंत रजिस्टर घेऊन घरोघरी फिरत होता, हे गावाला ठाऊक असतं. उलटतपासणीत ते वकिलालाही ठाऊक होतं.

[दृश्य: छापील अजेंडा. कॅमेरा शेवटच्या ओळीवर थांबतो.]

अजेंडा नीट बघा. पहिला विषय, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. शेवटचा विषय, मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय. संस्थांचं बरंच भलंबुरं या शेवटच्या ओळीत होतं. चहा आलेला असतो, दोघे उठून गेलेले असतात आणि तेव्हा कुणीतरी म्हणतं, "ती मागची जागा पडूनच आहे, भाड्यानं देऊन टाकू." घेणारा असतो खजिनदारांचा मेहुणा. भाडं वाईट नसतं, मेहुणाही वाईट नसतो. पण जागेचा भाडेपट्टा तीन वर्षांहून जास्त असेल तर कलम 36 प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. विक्रीला तर लागतेच. शेतजमिनीला ही मर्यादा दहा वर्षांची आहे. आणि खजिनदारांनी त्या विषयापुरतं बाहेर जाऊन बसायला हवं होतं. ते बसले तरी रजिस्टरात तसं लिहायला हवं होतं.

माझं मत विचाराल, तर मोठा आर्थिक विषय आयत्या वेळी घ्यायचाच नाही, एवढा एक नियम संस्थेच्या घटनेत घातला तरी निम्मे दावे उभे राहणार नाहीत. आकडा अंदाजाचा आहे. अनुभव मात्र कुठल्याही धर्मादाय वकिलाला विचारा.

[दृश्य: ऑडिट रिपोर्टचा नमुना, प्रश्नांची रांग.]

दरवर्षी 31 मार्चला हिशेब बंद होतात आणि चार्टर्ड अकाउंटंट ऑडिट करतो. त्यासोबत प्रश्नांची एक यादी भरायची असते. ती कुणी वाचत नाही, हे दुर्दैव. कारण यादी करणारा माणूस संस्था आतून ओळखणारा असावा. हातातली रोकड आणि व्हाउचर हिशेबाशी जुळले का? घटनेप्रमाणे सभा नियमित झाल्या का? इतिवृत्ताचं पुस्तक ठेवलं आहे का? एखादा विश्वस्त संस्थेचा देणेकरी किंवा घेणेकरी आहे का? गुंतवणुकीत कुणा विश्वस्ताचा हितसंबंध आहे का? मागच्या वर्षी दाखवलेल्या चुका सुधारल्या का? एक प्रश्न असाही आहे, की 5,000 रुपयांवरच्या दुरुस्तीसाठी निविदा मागवल्या होत्या का. पाच हजारांत आज संडासाचं दार बदलून होत नाही. आकडा म्हातारा झाला, प्रश्न नाही.

बहुतेक ठिकाणी या रांगेपुढे होय, होय, नाही, होय असं टाईप केलेलं असतं. मागच्या वर्षीचंच.

गडबड केली तर विश्वस्ताला निलंबित करण्याचा, काढून टाकण्याचा अधिकार धर्मादाय आयुक्तांना आहे. कलम 41 ड. चौकशी लागली की बोलावणं सगळ्यांनाच येतं: ज्यानं केलं त्याला, आणि ज्यानं "मला काय त्याचं" म्हणून सही ठोकली त्यालाही. घरी येऊन बायकोला "मी विरोध केला होता" हे सांगितलेलं तिथे उपयोगी पडत नाही. ठरावाखाली दोन ओळी हव्यात: मला हा ठराव मान्य नाही, कारण अमुक. सही, तारीख. आपल्याकडे या दोन ओळींना भांडखोरपणा म्हणतात. "कशाला लिहायचं, घरातल्या घरात." ज्या वडीलधाऱ्यांनी संस्था उभी केली, त्यांच्यासमोर हे लिहायला हात धजत नाही, हेही खरंच.

[दृश्य: छोटं सभागृह. भिंतीवर संस्थापकांचे हार घातलेले फोटो. सात खुर्च्या, सहा माणसं.]

एका वाचनालयाची मासिक सभा. विषय क्रमांक एक. अध्यक्ष न बघताच म्हणतात, "इतिवृत्त कायम करायचं ना?" पाच माना हलतात. हा विषय इथे अर्ध्या मिनिटात संपतो.

कडेला बसलेल्या बाई या वर्षीच समितीवर आल्या आहेत. "वाचून कायम करायचं असं लिहिलंय," त्या म्हणतात. "मागच्या वेळी मी पुस्तक खरेदीबद्दल एक प्रश्न विचारला होता. तो आलाय का त्यात?"

कुणी काही बोलत नाही. पंखा फिरतो. मग चिटणीस खिशातून चष्मा काढतात, रजिस्टर जवळ ओढतात आणि वाचायला लागतात.