न जाणारा चट्टा

श्रोतेहो, नमस्कार. मी त्वचारोगाचा डॉक्टर. सोलापूरचं ऊन तापलं की आमच्याकडे गजकर्णाच्या पेशंटची रीघ लागते. घाम, अंगाला चिकटलेले कपडे, आणि घरोघरी मेडिकलमधून आणलेली मलमाची ट्यूब. या गर्दीत एखादा वेगळा आजार सहज हरवतो. आज त्याच्याविषयी बोलतो.

या आजाराचा चट्टा बहुतेकदा कपड्याआड असतो. कंबर, कुल्ले, मांड्या, काख, बायकांच्या छातीवर. लालसर, जरासा खवलेदार. आपल्या सावळ्या कातडीवर मात्र तो पुष्कळदा फिकट दिसतो. मग कुणी कोड म्हणतं, कुणाला कुष्ठरोगाची शंका येते. ती शंका तपासून घ्यावीच; कुष्ठरोगाच्या डागावर स्पर्श कमी कळतो, इथे सहसा नीट कळतो. मलम लावलं की चट्टा विरतो, सोडलं की उगवतो. अशी वर्षंच्या वर्षं जातात.

याचं नाव मायकोसिस फंगॉइडिस. १८०६ साली आलिबेर या फ्रेंच डॉक्टरांनी त्याचं पहिलं वर्णन केलं. आपल्या रक्षणासाठी असलेल्या टी-पेशींपैकीच काही बिघडतात आणि कातडीत ठाण मांडून वाढत राहतात. हा लिम्फोमा आहे, म्हणजे कर्करोगच. पण फार दुर्मीळ. आणि धीर धरून पुढचं ऐका: चट्टे अंगाच्या १० टक्क्यांहून कमी भागावर असतानाच सापडला, तर बहुतेकांचं आयुष्य इतरांइतकंच असतं. हा एकाचा दुसऱ्याला लागत नाही. घरातल्या माणसाचं ताट, चादर वेगळी करू नका, ते त्याच्या मनाला फार लागतं. यंत्रमागावरची माणसं सुताला, रंगाला दोष देतात, पण याचं नेमकं कारण अजून सापडलेलं नाही.

खरी अडचण निदानाची. कातडीचा लहानसा तुकडा काढून तपासतात, ती बायोप्सी. सुरुवातीला सूक्ष्मदर्शकाखालीही हा आजार इसबासारखाच दिसतो. त्यात वर स्टिरॉइडचं मलम चालू असेल तर उरलीसुरली खूणही पुसली जाते. म्हणून डॉक्टरांना विचारून दोन ते चार आठवडे मलम बंद ठेवायचं, मग तुकडा द्यायचा. शक्य तर दोन जागांचा. अहवालात काही निघालं नाही आणि चट्टा मात्र तसाच आहे, तर काही महिन्यांनी पुन्हा बायोप्सी करावी लागते. याचा अर्थ डॉक्टर चुकले असा नाही. हा आजारच सावकाश उघड होतो. पेशींवरच्या खुणा ओळखणाऱ्या आणि जनुकांच्या तपासण्या मग मदतीला येतात.

सुरुवातीच्या टप्प्यात कातडीपुरते उपचार पुरतात: डॉक्टरांच्या देखरेखीखाली मलमं, किंवा ३११ नॅनोमीटरच्या अतिनील किरणांचा शेक. शेक आठवड्यातून दोन-तीनदा, कित्येक महिने. सांगोल्याहून, अक्कलकोटहून यायचं म्हणजे दर खेपेला मजुरी बुडते, आणि चट्टे फिके पडले की लोक मध्येच सोडतात. तसं करू नका. अडचण उघड सांगा, जवळ कुठे मशीन आहे ते डॉक्टरांना विचारा. गाठी आल्या किंवा सगळं अंग लाल झालं, तर मेथोट्रेक्सेटसारखी औषधं, रेडिएशन, कर्करोगतज्ज्ञ हे सगळं लागतं.

आणखी एक. दवाखाना बदलताना नुसता अहवाल घेऊन जाऊ नका. लॅबमधून बायोप्सीची काचपट्टी (स्लाइड) आणि मेणाचा ब्लॉक, म्हणजे मेणात जपून ठेवलेला तुमचा तुकडा, मागून घ्या. तो वर्षानुवर्षं टिकतो, आणि नव्या तपासण्या त्याच जुन्या तुकड्यावर करता येतात.