पेरिगोरमधलं दगडी घर

(गल्लीतून चालत घरापर्यंत)
नैर्ऋत्य फ्रान्समधला दोर्दोन्य जिल्हा. सार्ला शहराभोवतीच्या या मुलखाला पेरिगोर न्वार म्हणतात. इथली खेडी मधाच्या रंगाची, कारण इथला दगडच तसा. भिंतीत तोच आणि छपरावरही तोच.

(छप्पर, जवळून)
ही कौलं नव्हेत, चुनखडीच्या चपट्या लाद्या आहेत. नाव लोझ. एका चौरस मीटरवर अर्ध्या टनाहून जास्त वजन पडतं. ते भिंतींवर नीट उतरावं म्हणून छपराला असा उभा उतार आणि आत ओकचं जाडजूड लाकूड.

(खिडक्या)
खिडक्या मोजक्या आणि लहान. थंडीचं कारण आहेच. शिवाय 1798 ते 1926 फ्रान्समध्ये दारं-खिडक्यांवर कर होता. भर उन्हाळ्यात बाहेरच्या लाकडी झडपा दुपारी ओढून घेतल्या की आत पंखाही लागत नाही.

(भिंत. छिन्नी-हातोड्याचा आवाज)
आता ही भिंत बघा. बाहेरून दगड, आतून दगड, मध्ये माती आणि कपच्या. जमिनीतली ओल अशा भिंतीत चढणारच. पूर्वी दगडांच्या दर्जांमध्ये, म्हणजे सांध्यांमध्ये, चुना होता, ओल त्यातून उडून जायची. विसाव्या शतकात त्यावर सिमेंटचा गिलावा चढला आणि ओल आतच कोंडली. हे पोपडे, हा भुगा झालेला दगड, ही सगळी त्याचीच करणी. अशा घराला सिमेंट लावूच नये.

म्हणून आधी सिमेंट उतरवायचं. मग दर्जा खरवडायच्या, ब्रशने झाडायच्या, भिंत पाणी मारून भिजवायची. कोरडा दगड चुन्यातलं पाणी पिऊन टाकतो.

(घमेलं, थापी)
हा चुना आणि ही जवळपासचीच पिवळसर वाळू. भिंतीला रंग येतो तो या वाळूचा. आपल्याकडे वाड्यांसाठी चुना बैलघाणीत मळायचे. इथे आता यंत्र फिरतं. पण भरणं हातानंच. थापीवरून दर्जेत दाबायचा, थोडा आळला की ब्रश फिरवायचा, म्हणजे दगडाची कड मोकळी होते. ऊन लागू नये म्हणून वर ओलं गोणपाट. पुढे कित्येक महिने हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत राहतो आणि पुन्हा चुनखडी होतो, म्हणजे ज्या दगडाचा तो भाजून केला, तोच!

(आतली खोली)
खाली भाजक्या मातीच्या षट्कोनी फरश्या, तोमेत. त्यांना जवसाचं तेल पाजलेलं. समोर माणूस उभा राहील एवढी चूल.

अशी बरीच घरं आता उन्हाळ्यापुरतीच उघडतात, आणि गावातल्या तरुणांना ती परवडत नाहीत.

(मागची बाजू)
इथे मात्र वर्षभर राहणं आहे. उत्तरेकडच्या भिंतीचं सिमेंट अजून निघायचंय, आणि ते काम थंडी कडक व्हायच्या आत उरकायला हवं. गोठत्या हवेत चुना धरत नाही.